रुळाला पहारा, वाडीला इशारा

२८ फेब्रुवारी २०२५ रोजी उत्तराखंडातील माणा गावाजवळ बर्फाचा कडा कोसळला आणि सीमेवरील रस्त्यांचे काम करणाऱ्या मजुरांची छावणी त्याखाली गाडली गेली. चौपन्न मजूर होते; शेहेचाळीस जिवंत निघाले, आठ गेले. ही बातमी दोन दिवस वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर राहिली आणि मग प्रथेप्रमाणे आत सरकली. तिच्यातील एक तपशील मात्र जपून ठेवण्यासारखा आहे. चंडीगढ येथील संरक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने आदल्याच दिवशी, म्हणजे २७ तारखेला, त्या जिल्ह्याच्या उंच भागात हिमस्खलनाचा धोका असल्याचा इशारा प्रसिद्ध केला होता. विज्ञान चुकले नव्हते. मजूर मात्र लोखंडी पेट्यांसारख्या खोल्यांत होते तेथेच होते; कारण इशारा कळणे आणि तो पाळता येणे यांत जे अंतर असते ते मजुराने एकट्याने कापावयाचे नसते. काम बंद करणे, छावणी हलविणे, रोज बुडाला तरी हजेरी भरून देणे हे सारे मजुराच्या हाती नव्हते.

मालवणच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या लेखात हिमालयाचा बर्फ कशासाठी, असे वाचक विचारतील. आपल्या सह्याद्रीत बर्फ पडत नाही हे खरेच. परंतु उतारावर साचलेले ओझे कोणत्या नियमाने घसरते, हा नियम दोन्हीकडे एकच आहे. आणि त्याखाली कोण सापडते, हा नियमही दोन्हीकडे एकच आहे.

हिमालयात वादळ येऊन गेले की जुन्या, ठिसूळ हिमावर ताज्या हिमाचा जड थर बसतो. वादळ ओसरून आकाश निरभ्र झाले तरी पुढचे एकदोन दिवस सर्वांत घातक असतात, कारण वरचे ओझे खालच्या दुबळ्या थराला अद्याप पेलवलेले नसते. सह्याद्रीत हिमाची जागा पाणी घेते. काळ्या कातळावर शतकानुशतके झिजून तयार झालेली माती, मुरूम आणि चिकणमाती यांचे आवरण असते. चार दिवस संततधार लागली की पाणी या आवरणात मुरत जाते आणि खालच्या अभेद्य कातळावर अडते. मातीचे वजन वाढते आणि त्याच वेळी तिच्या कणांना धरून ठेवणारी पकड आतल्या पाण्याच्या दाबाने सुटते. मग एका क्षणी सबंध उतार पायाखालचे जाजम ओढावे तसा निघून येतो. पाऊस थांबल्यावरही पाणी आत मुरत असते, म्हणून उघडीप पडली की धोका सरला, ही समजूत जितकी सोयीची तितकीच प्राणघातक आहे.

याची पूर्वसूचना डोंगर देतो. उतारावर नव्या भेगा पडतात, झाडे आणि विजेचे खांब कलतात, घराच्या भिंतींना तिरके तडे जातात, कालपर्यंत सहज लागणारे दार चौकटीत अडकू लागते, नितळ झऱ्याला गढूळ पाणी येते किंवा नेहमीचा झरा अचानक आटतो. या खुणा वाडीतल्या म्हातारीला ठाऊक असतात. त्या ऐकून घेण्यास मात्र सरकारात कोणी नेमलेला नसतो.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचाच हिशेब असा की, हिमाच्छादित प्रदेश वगळूनही देशाची १२.६ टक्के भूमी दरडींच्या धोक्याखाली आहे, आणि त्यातील सुमारे ०.९ लाख चौरस किलोमीटर पश्चिम घाटात व कोकणच्या डोंगरांत आहे. आंबोलीचा पाऊस वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास असतो. आंबोली, फोंडा, करूळ, भुईबावडा या घाटांत दरड आली नाही असा पावसाळा सिंधुदुर्गाला आठवत नाही. घाट बंद पडला की बातमी होते, कारण कोल्हापूर-बेळगावची वाहतूक अडते. घाटाखालच्या वाडीतील भिंतीला तडा गेला तर बातमी होत नाही.

आता गेल्या वीस वर्षांचा जमाखर्च पाहावा. जुलै २००५ मध्ये महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते येथे डोंगर घरांवर आले. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाडले गेले. १५१ माणसे गेली. गाव नाहीसे झाले आहे हे जगाला प्रथम कळले ते त्या मार्गावरून एस.टी. घेऊन जाणाऱ्या चालकामुळे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये येथे ऐंशीहून अधिक बळी पडले, आणि त्याच दोन दिवसांत पाटण तालुक्यातील आंबेघर व मिरगाव येथेही डोंगर आले. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गेली. सत्तावीस मृतदेह हाती लागले आणि सत्तावन्न माणसे बेपत्ता असताना शोध थांबवावा लागला. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारनेच सांगितले. ते समर्थन म्हणून सांगण्यात आले. वस्तुतः ती कबुली होती. ज्या यादीत मरणारे गाव नसते, ती यादी कोणी, कोठे बसून केली?

या साऱ्या गावांत मेले कोण? माळीणमध्ये महादेव कोळी, इर्शाळवाडीत ठाकर, अन्यत्र अल्पभूधारक कुणबी, शेतमजूर, मुंबईला कमावत्या मुलाच्या मनिऑर्डरीवर गावी राहिलेले म्हातारे. पाऊस सर्वांवर सारखा पडतो, पण उतार सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही. सपाट, सुरक्षित, पाण्याची जमीन ज्याच्या नावावर आहे तो डोंगराच्या कुशीत घर बांधत नाही. म्हणून ‘नैसर्गिक आपत्ती’ या शब्दांतील पहिला शब्द फार तर पावसापुरता खरा आहे. त्या पावसाखाली कोणाला झोपावे लागते हे निसर्गाने ठरविलेले नाही.

‘डोंगराला कोण अडविणार?’ असा हताश प्रश्न यावर विचारला जातो. त्याचे उत्तर शोधण्यास आपल्या जिल्ह्याबाहेर जाण्याचीही गरज नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ कोकण रेल्वेची मुंबईकडे जाणारी गाडी रुळांवर आलेल्या दरडीवर आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी ठार झाले. वर्ष पुरे होण्याच्या आत, १६ जून २००४ रोजी, रायगड जिल्ह्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसला तसाच अपघात झाला. त्यानंतर काय झाले? रुळांलगतचे कापलेले उतार अधिक सपाट करण्यात आले. कड्यांना लोखंडी जाळ्या बसविल्या गेल्या. दर पावसाळ्याचे वेगळे वेळापत्रक आखले जाते आणि गाड्यांचा वेग कमी केला जातो. मुसळधार पावसात पुढचे नीट दिसत नसेल तर चालकाने ताशी चाळीस किलोमीटरच्या वर जावयाचे नाही, असा नियम आहे. आपल्या कणकवलीसह नऊ स्थानकांवर आपोआप नोंद करणारी पर्जन्यमापके आहेत. पाऊस ठराविक मर्यादेपलीकडे गेला की नियंत्रण कक्षाला कळते. आणि या साऱ्याहून महत्त्वाचे म्हणजे, सहाशेहून अधिक माणसे पावसाळाभर रात्रंदिवस रुळांवरून पायी गस्त घालतात. दरडीमुळे तेवढी मोठी जीवितहानी कोकण रेल्वेवर पुन्हा झालेली नाही.

हे यश मोठे आहे आणि ते त्या गस्तवाल्या कामगारांचे आहे. त्याबद्दल कृतज्ञच असले पाहिजे. पण मग प्रश्न असा की, जो डोंगर रुळांच्या बाजूने उतरतो त्याच्यावर पहारा ठेवता येतो, तर तोच डोंगर वाडीच्या बाजूने उतरतो तेव्हा तो अनाकलनीय, दैवी आणि अनावर कसा होतो? तंत्र तेच आहे, पाऊस तोच आहे, माती तीच आहे. वैभववाडीच्या रुळाला गस्तवाला मिळतो आणि वैभववाडीच्याच डोंगरपायथ्याच्या घराला मे महिन्यात एक छापील नोटीस मिळते: ‘आपले घर धोकादायक क्षेत्रात आहे, तरी आपण सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल.’ शब्द थोडे मागेपुढे होतील, आशय हाच असतो. सुरक्षित स्थळ कोणते, तेथे किती दिवस राहावयाचे, गोठ्यातील म्हशीचे काय, शेतावरची लावणी कोणी करावयाची, हे त्या कागदावर नसते. तो कागद वाडीला वाचविण्यासाठी लिहिलेला नसून चौकशीच्या दिवशी कचेरीला वाचविण्यासाठी लिहिलेला असतो.

अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला हा फरक पैशाच्या भाषेत सांगणे सोपे जाते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी करून दिली. शंभर रुपयांतील चाळीस रुपये तातडीच्या मदतीला, तीस पुनर्बांधणीला, दहा तयारीला, आणि आपत्तीचे मूळच कमी करणाऱ्या कामांना उरलेले वीस. हे वीसही पूर्वी वेगळे राखून ठेवलेले नव्हते, म्हणून आयोगाचे पाऊल पुढचेच होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण व्यवस्थेचा कल त्या आकड्यांतून लपत नाही. याच काळातील मदतीच्या निकषांप्रमाणे माणूस मेला तर वारसाला चार लाख आणि डोंगराळ भागातील घर पूर्ण पडले तर एक लाख तीस हजार. घर पडण्यापूर्वी ते हलवावयाचे असेल तर मात्र गावाला वर्षानुवर्षे प्रस्ताव, पाहणी, अभिप्राय आणि पुन्हा पाहणी या चक्रातून जावे लागते. ज्या राज्यव्यवस्थेत मृत माणसाचा धनादेश जिवंत माणसाच्या जमिनीच्या कागदाहून लवकर निघतो, तिला अकार्यक्षम म्हणणे पुरेसे नाही. ती कोणाच्या बाबतीत कार्यक्षम आहे, हे पाहिले पाहिजे.

‘लोकच हलावयास तयार नसतात’ हा युक्तिवाद अधिकारी करतात, आणि दुर्दैवाने आपल्यापैकी काही सुशिक्षित मित्रही करतात. याच किनाऱ्यावर मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आले तेव्हा बंदराचा बावटा पाहून होड्या ओढल्या गेल्या आणि समुद्राकाठची माणसे हललीही. कारण त्यांना एकदोन रात्रींसाठी हलावयाचे होते आणि परतण्याची खात्री होती. डोंगराखालच्या माणसाला चार महिने हलावयास सांगितले जाते, आणि पावसाचे चार महिने म्हणजे त्याची शेती. शिवाय जमिनीचा कागद नसेल तर घर सोडणे म्हणजे हक्क सोडणे, ही भीती त्याने कल्पनेने निर्माण केलेली नाही. आंबोली, चौकुळ, गेळे या आपल्याच डोंगरावरील गावांत कबुलायतदार गावकर जमिनींचा प्रश्न संस्थानी काळापासून लोंबत आला आणि स्वातंत्र्यानंतरही दशकेच्या दशके रेंगाळला. पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्याच्या नावे सातबारा नाही, अशी जेथे स्थिती, तेथे ‘घर सोड’ हा आदेश ऐकणारा प्रथम मागे वळून जमिनीकडे पाहतो. यात अडाणीपणा नाही; अनुभव आहे.

हललेल्यांचे काय झाले, हेही लोक पाहतात. माळीणचे पुनर्वसन आमडे येथे झाले आणि एप्रिल २०१७ मध्ये समारंभाने नवे गाव लोकांच्या स्वाधीन केले गेले; पहिल्याच पावसात तेथील भराव खचला आणि रस्त्यांना भेगा पडल्या. तळीयेच्या लोकांना पक्क्या घरांसाठी अनेक पावसाळे पत्र्याच्या खोल्यांत काढावे लागले. ही उदाहरणे डोळ्यांसमोर असताना नोटिशीवर विश्वास कोणी ठेवावा?

येथवर आपण डोंगर जसा आहे तसा धरून चाललो. पण तो तसा राहू दिला जात नाही, ही या कथेची दुसरी बाजू आहे. रस्ता रुंद करण्यासाठी उताराचा पायथा उभा कापला की वरच्या मातीचा आधारच काढून घेतला जातो. कापलेली माती दरीत लोटली की खालच्या ओढ्याची वाट बुजते. जुने जंगल तोडले की खोडे दिसेनाशी होतात, पण मुळे काही वर्षे मातीत टिकून तिला धरून ठेवतात. ती कुजली की पकड सुटते. म्हणून तोड आज होते आणि दरड अनेक वर्षांनी येते, तोवर लाकडाचा पैसा करून ठेकेदार मोकळा झालेला असतो. दोडामार्ग तालुक्यात बाहेरच्या भांडवलाने जमिनी घेऊन सरसकट जंगलतोड झाली आणि रबराच्या बागा उभ्या राहिल्या. कळणे येथील लोहखनिजाच्या खाणीचा बांध जुलै २०२१ मध्ये फुटला आणि चिखलाचा लोंढा गावाच्या बागायतीत शिरला. या प्रत्येक व्यवहारात नफा एकाच्या खात्यावर आणि धोका दुसऱ्याच्या माथ्यावर, अशी विभागणी आहे. खर्च जर करणाऱ्याला भरावा लागला असता तर यातील कित्येक कामे ताळेबंदातच तोट्याची ठरली असती. आणि ही माती डोंगरातच राहत नाही. गड, कर्ली, तेरेखोल या नद्यांतून ती खाडीत उतरते, खाडीचे मुख गाळाने भरते, आणि मग मच्छीमाराच्या होडीला भरतीची वाट पाहत थांबावे लागते. आंबोलीचा डोंगर आणि देवबागचा किनारा यांचे हितसंबंध दोन नाहीत.

हे सारे माहीत नव्हते, असे कोणी म्हणू नये. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्ये पश्चिम घाटाविषयीचा आपला अहवाल दिला. कोणत्या उतारावर काय करू नये हे तर त्यात होतेच. शिवाय अंतिम निर्णय ग्रामसभांनी घ्यावा, असा लोकशाहीचा आग्रहही होता. सिंधुदुर्गातील कित्येक ग्रामसभांनी आपले गाव संवेदनशील क्षेत्रात घ्यावे असे ठराव केल्याची नोंद त्यात आहे. सरकारला नेमके हेच पचले नाही. कस्तुरीरंगन समिती आली, क्षेत्र कमी झाले, ग्रामसभा बाजूला पडली. २०१४ पासून अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ रोजी निघाला, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर होते. त्याच्या आदल्याच दिवशी केरळात वायनाडच्या मुंडक्कई व चूरलमला येथे डोंगराने शेकडो माणसे नेली होती. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातील पंचवीस गावांविषयी तर मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला केंद्र सरकारला मुदत घालून आदेश द्यावा लागला.

येथे आपल्याच छावणीतील मित्रांशीही दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. ‘पर्यावरण हा शहरी सुखवस्तूंचा छंद, शेतकऱ्याला त्याचे काय?’ असे म्हणणारे कार्यकर्ते डाव्या चळवळीत कमी नाहीत. केरळात २०१३ साली कस्तुरीरंगन अहवालाविरुद्ध डाव्या आघाडीने हरताळ पुकारला होता. शेतकऱ्याची भीती खरी होती. वरून लादलेल्या बंदीला त्याने विरोध करणे योग्यच होते. परंतु त्या भीतीला उत्तर देण्याऐवजी तिच्या पाठीवर स्वार होणे सोपे वाटले, आणि त्याचा लाभ शेतकऱ्यापेक्षा खाणवाल्याला व बांधकामवाल्याला अधिक झाला. वायनाडच्या चिखलात सापडलेल्यांत चहामळ्यांच्या चाळींतील मजूर होते, याचा विसर कोणत्याही कामगार पक्षाला पडता कामा नये.

हे करणे शक्य आहे, याला जगाचीही साक्ष आहे. हाँगकाँगमध्ये जून १९७२ मध्ये एकाच दिवशी दोन दरडींनी शंभराहून अधिक माणसे घेतली, १९७६ मध्ये पुन्हा तेच झाले. १९७७ मध्ये तेथील वसाहतवादी, पूर्णतः भांडवलदारी सरकारने उतारांवर देखरेख करणारे स्वतंत्र खाते उभारले. आज तेथील सुमारे साठ हजार मानवनिर्मित उतारांना प्रत्येकी क्रमांक आहे आणि देखभालीची जबाबदारी कोणाची, याची नोंद आहे. जे परकीय वसाहतीला जमले ते लोकशाही महाराष्ट्राला परवडत नाही, हे म्हणणे हास्यास्पद आहे. आणि इतके दूरही कशाला? वायनाडमध्येच ह्यूम सेंटर या संस्थेने ठिकठिकाणी पर्जन्यमापके बसवून, त्यांच्या नोंदींवरून दरडीचा धोका आदल्या दिवशी प्रशासनाला कळविला होता. साधे मापक आणि ते रोज वाचणारा माणूस, एवढ्यावर हे ज्ञान उभे राहते. कमी पडली ती ऐकणारी यंत्रणा.

तेव्हा आपली मागणी दयेची नसावी आणि अस्पष्टही नसावी. डोंगरपायथ्याच्या प्रत्येक वाडीत पर्जन्यमापक हवे आणि पावसाळाभर उताराची पाहणी करणारे दोन पहारेकरी हवेत. ते वाडीतलेच असावेत, त्यांना रेल्वेच्या गस्तवाल्याप्रमाणे वेतन असावे, आणि वाडी रिकामी करा म्हणण्याचा अधिकार त्यांच्या शब्दाला असावा. वाडी हलली त्या दिवसांची मजुरी, शिधा आणि जनावरांचा चारा हा शासनाचा खर्च मानला जावा. जेथे कायमचे हलणे अटळ आहे तेथे जागा ग्रामसभेने निवडावी, भूगर्भतज्ज्ञांनी ती तपासावी, आणि नव्या जमिनीचा कागद हाती पडेपर्यंत जुन्या जमिनीवरील हक्क अबाधित राहावा. घाटरस्ता असो वा खाण, जो उतार कापतो त्याच्यावर त्या उताराची जबाबदारी पुढील अनेक वर्षे कायद्याने बांधलेली असावी. आणि आपत्ती निधीतील वाटणी उलटी व्हावी. मृत्यूनंतरच्या हिश्श्यापेक्षा मृत्यूपूर्वीचा हिस्सा मोठा असावा.

या मागण्या विधिमंडळात जातील तेव्हा जातील. कार्यकर्त्यांना मात्र वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्यातील डोंगरपायथ्याच्या वाड्यांत जावे, वर सांगितलेल्या खुणा घरोघर सांगाव्यात आणि मुख्य म्हणजे घरोघर ऐकाव्यात, तडे गेलेल्या भिंतींची आणि नव्या भेगांची यादी करावी, ती ग्रामसभेच्या ठरावाने मंजूर करून तहसीलदाराच्या कचेरीत पोच घेऊन द्यावी. सरकारची यादी आणि लोकांची यादी यांत जी गावे जुळणार नाहीत, त्या गावांपासून आपल्या लढ्याला सुरुवात करावी. मे महिन्यात नोटीस वाडीत येण्यापूर्वी वाडीची नोटीस कचेरीत पोचली पाहिजे.